टायर आधी, सायकल नंतर

सायकलचा इतिहास सांगायला बसलं की माणसं पेडलपासून सुरुवात करतात, मग साखळी, मग गिअर. टायरचा नंबर फार उशिरा लागतो. तो बिचारा तळाशी असतो, झिजतो, पंक्चर होतो आणि बदलला की विसरला जातो. पण मला विचाराल तर माउंटन बाईक नावाचं जे प्रकरण आहे ना, त्याचा इतिहास हा मुळात टायरचा इतिहास आहे. टायर आधी आला, सायकल त्याच्याभोवती नंतर जमवली गेली.

हे सगळं आत्ता उकरून काढायचं कारण म्हणजे आमचा पुतण्या. त्याच्याकडे जुनी, सव्वीस इंची चाकांची माउंटन बाईक आहे. आठवडाभर डांबरी रस्त्यावरून ऑफिस, रविवारी गावाबाहेरच्या कच्च्या वाटा. गेल्या पावसाळ्यात एका ओल्या वळणावर घसरून त्याने कोपर चांगलंच सोलून घेतलं, तेव्हापासून त्याच्या आईने तगादा लावलाय की टायर बदल. प्रश्न असा की पैसे एकाच जोडीपुरते आहेत. एक मित्र म्हणतो जाड ठोकळ्यांचा घे, दुसरा म्हणतो गुळगुळीत घे. "काका, दोन्हीकडे चालेल असा टायर असतो का हो?" या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येईना, म्हणून हा लेख. घरच्यांनीही वाचावा, विशेषतः वहिनींनी :)

तर हा "दोन्हीकडे"चा प्रश्न काही आजचा नाही. हवेच्या टायरचा जन्मच त्यातून झालाय.

१८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश इंजिनिअरने हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं. रबर लावलेल्या कापडाची नळी आणि वरून चामड्याचं वेष्टन, असं ते प्रकरण होतं. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने ही चाकं घोडागाडीला लावून दाखवली. लोकांनी कौतुक केलं आणि विसरून गेले. कारण महाग काम, आणि पेडलवाली सायकल तेव्हा रस्त्यावर यायचीच होती.

पुढे १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने तीच गोष्ट पुन्हा शोधली. त्याच्या मुलाची तीनचाकी बेलफास्टच्या दगडी रस्त्यांवर धडधडायची. तेव्हाची चाकं म्हणजे भरीव रबर. डनलॉपने पातळ रबराची नळी करून लाकडी चकतीवर कापडाने बांधली, हवा भरली आणि अंगणात ते चाक नि जुनं भरीव चाक असं दोन्ही घरंगळत सोडलं. भरीव चाक थोडं जाऊन पडलं, हवेचं मात्र पार दुसऱ्या टोकाला जाऊन धडकलं. पुढच्याच वर्षी, मे १८८९ मध्ये, विली ह्यूम हा बेलफास्टचा सायकलपटू हे टायर लावून शर्यतीत उतरला आणि सगळ्या शर्यती जिंकून गेला. १८९० मध्ये थॉमसनचं जुनं पेटंट कोणाच्या तरी लक्षात आलं आणि डनलॉपचं पेटंट रद्द ठरलं. पण तोवर नाव डनलॉपचं झालं होतं ते झालंच.

यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की हवेचा टायर वेगासाठी शोधलेला नाही. तो खराब रस्त्यासाठी शोधला, वेग फुकटात मिळाला. का मिळाला? भरीव चाक खड्यावर आदळलं की अख्खी सायकल आणि वरचा माणूस किंचित वर उचलला जातो, त्यात ताकद वाया जाते. हवेचा टायर तो खडा पोटात घेतो आणि पुढे जातो. हे एवढं डोक्यात राहिलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आता एक काळी गोष्ट, पण ती टाळून टायरचा इतिहास सांगणं बरं नाही. टायरमुळे युरोप-अमेरिकेत रबराची मागणी एकदम वाढली. तेव्हा मळे नव्हते, रबर जंगलातून येई. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खाजगी मालकीच्या काँगोत ते रबर सक्तीने गोळा करवलं गेलं. ठरलेला कोटा भरला नाही तर बायकांना ओलीस धरणं, गावं जाळणं, हात तोडणं असे प्रकार झाले. ते जगापुढे मांडणाऱ्यांत रॉजर केसमेंट होता, आणि तो आयरिश! ज्या आयर्लंडमध्ये हा टायर जन्मला, तिथल्याच माणसाने १९०४ च्या आपल्या अहवालात त्याची किंमत लिहून ठेवली. १९०८ मध्ये काँगो राजाच्या हातून काढून घेतला गेला. "एवढंसं रबर, त्याला एवढे पैसे?" असं दुकानात म्हणताना मला हे अधूनमधून आठवतं.

असो. आता अमेरिकेत जाऊ.

१९३० च्या सुमाराला अमेरिकेतली मोठी माणसं मोटारीत बसली होती आणि सायकल उरली होती पोरांसाठी. सायकलचे टायर तेव्हा एकसंध नळीचे आणि रिमला चिकटवलेले असत. पोरं फुटपाथवरून उड्या मारायची, पेपर टाकायची, कच्च्यातून न्यायची, आणि टायर पटापट मरायचे. श्विन या शिकागोच्या कंपनीचा फ्रँक श्विन जर्मनीत फुगीर टायर बघून आला होता. १९३३ मध्ये त्याने तसा टायर अमेरिकेत आणला: सव्वीस इंच बाय २.१२५ इंच, आत वेगळी ट्यूब, आणि हवा कमी ठेवली तरी चालणारा. मंदीचे दिवस असूनही तो इतका चालला की दोन-तीन वर्षांत बाकीच्यांना त्याच मापावर यावं लागलं.

हा सव्वीस बाय २.१२५ आकडा लक्षात ठेवा. पेपर टाकणाऱ्या पोरांसाठी ठरलेलं हे माप चाळीस वर्षांनी एका डोंगरावर कामाला आलं.

तो डोंगर म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत असलेला माउंट टॅमलपाइस. उंची अडीच हजार फुटांच्या थोडी वर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या मानाने लहानच. सत्तरच्या दशकात तिथे रस्त्यावरच्या शर्यती करणारी काही पोरं होती. शर्यतीच्या सायकलींचे टायर करंगळीएवढे. कच्च्या वाटांवर मजा करायची तर काहीतरी जाड हवं, आणि तेव्हा बाजारात जाड टायर बसणारी चांगली सायकलच नव्हती. मग त्यांनी भंगारातून तीस-चाळीस सालच्या श्विन सायकली उचलल्या. का? तर त्या सांगाड्यात तो २.१२५ चा टायर बसायचा म्हणून. सायकल वीस-बावीस किलोची, ब्रेक मागच्या चाकाला, उलटं पेडल मारून लागणारा. पण टायर जाड होता.

फेअरफॅक्स गावाजवळ सुमारे दोन मैलांत १३०० फूट उतरणारी एक कच्ची वाट आहे. खाली पोचेपर्यंत ब्रेक इतका तापायचा की हबमधल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि प्रत्येक फेरीनंतर ग्रीस नव्याने भरावं लागायचं. नव्याने भरणे म्हणजे इंग्रजीत 'रीपॅक', तेच त्या वाटेचं नाव पडलं. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथे पहिली शर्यत झाली. शर्यती भरवायचा चार्ली केली, तो एका रॉक बँडचं सामान वाहायचा. गॅरी फिशरने ती वाट ४ मिनिटं २२ सेकंदांत उतरून विक्रम केला. जो ब्रीझने १९७७ मध्ये याच जाड टायरसाठी मुद्दाम नवा सांगाडा बनवला. १९७९ मध्ये फिशर आणि केलीने टॉम रिचीकडून सांगाडे करून घेऊन विकायला सुरुवात केली आणि कंपनीचं नावच 'माउंटनबाइक्स' ठेवलं.

तरी अजून एक अडचण होतीच. युनिरॉयलचा ठोकळेवाला टायर आणि लोखंडी रिम मिळून चाक इतकं जड की चढावर जीव जायचा. खाली उतरायला झकास, पण वर आणि घरी जायचं कसं? ती सुटली १९८० च्या आसपास, जपानी हलके टायर आणि ॲल्युमिनियमच्या रिम त्याच सव्वीस इंची मापात मिळू लागल्यावर. त्या टायरांची नक्षी पोरांच्या बीएमएक्स सायकलींवरून घेतलेली होती. मध्ये जवळजवळ बसवलेले बुटके ठोकळे, त्यामुळे कडक जमिनीवर आणि डांबरावर सुद्धा बऱ्यापैकी पळायचे. म्हणजे बघा, माउंटन बाईक खऱ्या अर्थाने रोज चालवण्याजोगी झाली ती "दोन्हीकडे" चालणारा टायर आला तेव्हा.

१९८१ मध्ये माइक सिन्यार्डच्या स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली स्टंपजंपर ७५० डॉलरला बाजारात आणली आणि हे वेड मरीन काउंटीच्या बाहेर सगळीकडे पसरलं. ही कंपनी सुरुवातीला सायकली बनवत नव्हती. त्यांनी स्वतःची म्हणून काढलेली पहिली वस्तू, १९७६ साली, काय होती माहितेय? टायर.

आता इंग्लंडातली एक गंमत. तिकडे जेफ ॲप्स नावाचा माणूस त्याच सुमारास, कॅलिफोर्नियाचं कुणाला ठाऊक नसताना, स्वतःची चिखलात चालणारी सायकल बनवत होता. त्याला सव्वीस इंची माप पसंत नव्हतं, त्याला मोठं चाक हवं होतं. तसे टायर त्याला मिळाले फिनलंडमध्ये, बर्फासाठी बनवलेले, आणि बनवणारी कंपनी कोण तर नोकिया! हो, तीच आपली मोबाईलवाली. नोकिया १९६७ मध्ये कागद, केबल आणि रबराचे तीन कारखाने एकत्र होऊन मोठी झाली, टायरचा धंदा वेगळा झाला तो १९८८ मध्ये. ॲप्सने ते टायर फिशर आणि केलीला पाठवले, त्यांनाही आवडले. पण फिनलंडहून नियमित पुरवठा होईना आणि विषय तिथेच थांबला. मोठ्या चाकाची माउंटन बाईक रुजायला १९९९ साल उजाडावं लागलं, डब्ल्यूटीबी कंपनीने नॅनोरॅप्टर हा २९ इंची जाड टायर काढेपर्यंत. पुढे पंधराएक वर्षांत २९ इंचाने सव्वीसला नव्या सायकलींतून जवळपास हद्दपार केलं. मधली वीस वर्षं अख्खं जग सव्वीस इंचावर डोंगर चढत होतं. कारण १९३३ चं ते माप दुकानात मिळत होतं, एवढंच.

ॲप्सचा विषय निघाला म्हणून चिखलाचं बोलून घेऊ. १८९७ मध्ये अमेरिकन लष्कराच्या २५ व्या पायदळ पलटणीतले वीस कृष्णवर्णीय सैनिक लेफ्टनंट मॉस यांच्यासोबत माँटानातल्या फोर्ट मिसूलाहून सेंट लुईसला सायकलवर गेले. १९०० मैल, ४१ दिवस. बैलगाड्यांचे रस्ते, वाळू, रेल्वेचे स्लीपर, सगळं एकाच सायकलवर. त्यांना सगळ्यात छळलं ते चिकणमातीने. चाकाला माती चिकटून ते फिरेनासं व्हायचं, मग उतरा, खरवडा, ढकला. जुलैत काळ्या मातीच्या शेतातून सायकल नेलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडची काळी माती टायरला एकदा धरली की ठोकळे कितीही उंच असोत, दोन फेऱ्यांत टायर गोटा! कॅलिफोर्नियाची वाट कोरडी आणि कडक, म्हणून तिथला टायर तसा. टायर विकत घेताना आपण कुठल्या तरी मातीचा हिशेब विकत घेत असतो, तो आपल्या मातीशी जुळतो का ते बघावं लागतं.

आता रस्त्याकडे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माउंटन बाईक धडाधड खपू लागल्या आणि बहुतेक सगळ्या डांबरावरच फिरू लागल्या. ठोकळ्यांचा टायर डांबरावर भुंग्यासारखा गुणगुणतो आणि ताकद खातो. मग कंपन्यांनी युक्ती काढली: मधोमध गुळगुळीत उंच पट्टी आणि दोन्ही बाजूंना ठोकळे. भरपूर हवा भरा, पट्टीवर पळा. कच्च्यात हवा कमी करा, ठोकळे कामाला येतील. ऐकायला इतकं बरं की बोलता सोय नाही. अमेरिकेतले शेल्डन ब्राउन (२००८ मध्ये गेले, त्यांच्या सायकलवरच्या लिखाणावर माझ्यासारखे कित्येक जण पोसले गेले) यांनी त्याचा दोष नेमका दाखवला होता. डांबरावर वळताना सायकल कलते, आणि ऐन वळणात टायर पट्टीवरून ठोकळ्यांवर येतो. ठोकळे वाकतात, पकड एकदम बदलते. म्हणजे जिथे सर्वात जास्त भरवसा हवा, तिथेच दगा.

आमच्या पुतण्याच्या कोपराची कथा याहून फार वेगळी नाही. डांबरावर ठोकळ्यांची फक्त टोकं टेकतात. सरळ जाताना चालून जातं, ओल्या वळणावर जात नाही.

"पण नक्षी नसेल तर पावसात पाण्यावरून घसरणार नाही का?" हा प्रश्न हमखास येतो. मोटारीला ते खरं आहे. तिचा टायर रुंद आणि सपाट, वेग मोठा, त्यामुळे टायरखाली पाणी अडकून गाडी तरंगते. सायकलचा टायर गोल, टेकतो तो भाग छोटा, वेग कमी. पाणी आपोआप बाजूला होतं. जॉब्स्ट ब्रँट या इंजिनिअरच्या मदतीने ॲव्होसेट कंपनीने ऐंशीच्या दशकात अगदी गुळगुळीत टायर काढला, तेव्हा लोकांना हे पटवता पटवता नाकी नऊ आले. आणि हा ब्रँट मरीनवाल्यांच्या कितीतरी आधीपासून, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडच्या सांताक्रूझ डोंगरातल्या कच्च्या वाटा साध्या रस्त्याच्या सायकलवर आणि बारीक टायरवर पालथ्या घालत होता! २०१५ मध्ये गेला. तो भेटला असता तर पुतण्याला म्हणाला असता, तुझा टायर सोड, आधी सायकल चालवायला शीक.

त्याच्याइतकं कौशल्य आपल्यात नाही हे मान्य. पण आपल्याकडेही तेच चाललं होतं की! इंग्रजांच्या वळणाची आपली काळी दणकट सायकल, अठ्ठावीस बाय दीडची. दूधवाल्याच्या किटल्या, शेतातला गवताचा भारा, शाळेची पोरं, तालुक्याचा डांबरी रस्ता आणि गावची पाणंद, सगळं एकाच टायरवर. रुंदी साधारण ४० मिलिमीटर, नक्षी उथळ. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत 'ग्रॅव्हल बाईक' म्हणून ज्या महागड्या सायकली आल्यात त्यांच्या टायरची रुंदी बघा, साधारण तीच ४० मिलिमीटर. रस्त्याच्या शर्यतीतले लोकसुद्धा २३ मिलिमीटरवरून २८ आणि त्याहून जाड टायरवर आलेत. सव्वाशे वर्षांपूर्वी बेलफास्टच्या अंगणात जे दिसलं होतं तेच पुन्हा मोजून पाहिलं गेलं: खडबडीत जमिनीवर थोडी जास्त रुंदी आणि थोडी कमी हवा हळू नेत नाही, उलट बरी पळते.

तर आता उत्तर. पुतण्या, इथून नीट वाच.

पहिलं, टायरच्या बाजूवरचा आकडा बघ. तुझ्या रिमला ५५९ लिहिलेला हवा. "सव्वीस" एवढंच सांगून मागशील तर २६ बाय १ ३/८ हातात पडेल, त्याचा आकडा ५९० आणि तो तुला बसणार नाही.

दुसरं, रुंदी १.९ ते २.१ इंच. त्याहून बारीक घेतलास तर रविवार गेला. फार जाड घेतलास तर सांगाड्यात माती अडकायला जागाच राहणार नाही.

तिसरं, नक्षी. मध्ये बुटके, दाट ठोकळे, आणि कडेकडे हळूहळू उंच होत जाणारे. टायर हातात धरून अंगठा मधून कडेला फिरव. एकदम पायरी लागली तर ठेवून दे. तुझे सहा दिवस डांबरावरचे, आजूबाजूला बस आणि ट्रक. कच्च्यात घसरलास तर मातीत पडशील. रस्त्यावर घसरलास तर कशाखाली जाशील सांगता येत नाही. म्हणून शंका आली की रस्त्याच्या बाजूने झुकायचं.

चौथं, दोन्ही टायर सारखेच हवेत असं नाही. मागचा घसरला तर सावरता येतं, पुढचा घसरला की आपण खाली. त्यामुळे दोघांत जास्त पकड असलेला पुढे, जास्त पळणारा मागे.

पाचवं आणि सगळ्यात स्वस्त: हवा. काटा असलेला पंप घे. ट्यूब असताना तुझ्या वजनाला रस्त्यावर पंचेचाळीसच्या आसपास पौंड, कच्च्यात तीस-पस्तीस. एकच टायर दोन टायरसारखा वागतो तो यामुळे. फार कमी ठेवलीस तर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतील. हा चिमटा टाळायचा तर ट्यूबशिवायचे टायर असतात, माउंटन बाईकला ते १९९९ पासून आहेत, पण जुन्या रिमवर तो खटाटोप करू नकोस.

आणि काळ्या मातीत, पावसात? उतर आणि उचलून चाल. १८९७ मध्येही हेच उत्तर होतं.

सहा महिन्यांनी टायर उलटा करून बघ. मधला भाग झिजलेला आणि कडेच्या ठोकळ्यांवरचे नवेपणीचे रबराचे केस अजून तसेच असतील, तर डोंगराच्या गप्पा जास्त आणि डांबर जास्त, असं समज आणि पुढची जोडी त्या हिशेबाने घे. आपण कुठून कुठून गेलो हे आपल्याला आठवतं त्यापेक्षा टायरला बरं ठाऊक असतं.